स्पर्धेतील चित्र आणि निवासाचे पारितोषिक : ‘प्री द रोम’ प्रदर्शनांची चिकित्सा

गोषवारा

तरुण कलावंतांच्या कृती एकत्र मांडाव्यात, परीक्षक मंडळाने त्यांतून एकाची निवड करावी आणि निवड झालेल्यास काही काळ राहण्याची व काम करण्याची जागा मिळावी, ही पद्धत आज जगभर परिचित आहे. तिचे सर्वांत दीर्घायुषी उदाहरण म्हणजे फ्रान्समधील ‘प्री द रोम’ अर्थात रोम पारितोषिक (इ.स. १६६३ ते १९६८). प्रस्तुत लेखात या स्पर्धेची घडण, तिच्या निमित्ताने भरणारी प्रदर्शने आणि त्यांतील काही निवडक चित्रे यांचा समीक्षात्मक विचार केला आहे. परीक्षेची बंद खोली आणि पारितोषिकाची मोकळी जागा यांत मूलभूत विसंगती होती. मात्र निर्णयाआधी भरणाऱ्या जाहीर प्रदर्शनामुळे ती विसंगती लोकांसमोर येत राहिली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : रोम पारितोषिक, निवासी शिष्यवृत्ती, परीक्षक मंडळ, स्पर्धाप्रदर्शन, कलासमीक्षा

१. प्रस्तावना

कलेच्या क्षेत्रात पारितोषिके दोन प्रकारची असतात. एक प्रकार झालेल्या कामाचा गौरव करतो. पदक, मानपत्र किंवा रोख रक्कम यांचा समावेश त्यात होतो. दुसरा प्रकार न झालेल्या कामासाठी असतो. कलावंताला खोली, प्रकाश, साहित्य आणि पोटाची चिंता नसलेला काळ दिला जातो. त्या काळात तो काय करील हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. निवासी शिष्यवृत्ती हा दुसऱ्या प्रकारचा सन्मान होय.

या दोन प्रकारांतील भेद सैद्धांतिक वाटला तरी परीक्षकाच्या दृष्टीने तो अत्यंत व्यावहारिक आहे. पदक देताना परीक्षकाने समोरच्या चित्राकडे पाहिले की पुरते. निवासी शिष्यवृत्ती देताना त्याला समोरच्या चित्रातून अजून न काढलेल्या चित्राचा अंदाज घ्यावा लागतो. बियाणे पारखणे आणि पीक मोजणे या दोन गोष्टींत जेवढे अंतर आहे, तेवढेच येथे आहे. असे असूनही दोन्ही पारितोषिकांसाठी बहुधा एकच पद्धत वापरली जाते : कृती मागवाव्यात, मांडाव्यात आणि क्रम लावावा. या पद्धतीचे काय होते, हे तपासण्यासाठी तीन शतकांहून अधिक काळ चाललेल्या रोम पारितोषिकाइतके समृद्ध उदाहरण दुसरे नाही.

२. स्पर्धेची घडण

पॅरिसमधील राजकीय चित्र-शिल्प अकादमी इ.स. १६४८ मध्ये स्थापन झाली. चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत १६६३ मध्ये रोम पारितोषिक सुरू झाले आणि १६६६ मध्ये मंत्री कोल्बेर याच्या पुढाकाराने रोममध्ये फ्रेंच अकादमीची शाखा उघडली गेली. विजेत्याने तेथे राजाच्या खर्चाने राहावे, प्राचीन शिल्पांचा व राफाएलसारख्या चित्रकारांचा अभ्यास करावा आणि परत येऊन राज्याच्या कामी यावे, ही अपेक्षा होती. १७२० मध्ये वास्तुकलेचा, १८०३ मध्ये संगीताचा आणि १८०४ मध्ये उत्कीर्णनाचा समावेश झाला. १८०३ पासून ही संस्था रोमच्या पिंचो टेकडीवरील व्हिला मेदिची या प्रासादात आहे.

एकोणिसाव्या शतकात चित्रकलेच्या स्पर्धेने जे निश्चित रूप धारण केले ते विशेष लक्षणीय आहे. उमेदवार फ्रेंच असावा, अविवाहित असावा आणि तिशीच्या आत असावा, अशी अट होती. प्रथम दिलेल्या विषयावर लहान रंगीत रेखाटन, नंतर समोरच्या नग्न प्रतिरूपावरून (मॉडेलवरून) रंगविलेला अभ्यास, अशा दोन चाळण्या लागत. त्यांतून दहा जण अंतिम फेरीत येत. त्यांना ‘लोज’ म्हणजे लहान स्वतंत्र खोल्या दिल्या जात. सर्वांना एकच विषय मिळे. तो बायबल, ग्रीक-रोमन इतिहास किंवा पुराणकथा यांतून निवडलेला असे. उमेदवाराने प्रथम आपल्या चित्राचे कच्चे रेखाटन करून द्यावयाचे आणि मग सुमारे सत्तर दिवसांत ११३ बाय १४६ सेंटिमीटरच्या कापडावर पूर्ण चित्र साकारावयाचे. अंतिम चित्र मूळ रेखाटनापासून फार दूर गेले तर उमेदवार बाद होई.

या नियमांमागील हेतू समजण्यासारखा आहे. शिक्षकाने मदत करू नये, धनिक विद्यार्थ्याला अधिक साधनांचा लाभ मिळू नये, सर्वांना समान काळ, समान माप व समान विषय मिळावा, हा न्यायबुद्धीचाच भाग होता. परंतु रेखाटनाशी बांधून घेण्याच्या नियमाने काय साधले, याचा विचार करावयास हवा. चित्र काढताना चित्रकाराला जे सुचते, जे आधी दिसले नव्हते ते दिसू लागते, तेच या नियमाने निषिद्ध ठरविले. पहिल्या दिवशीच्या कल्पनेशी सत्तर दिवस एकनिष्ठ राहण्याची ही परीक्षा होती. तिचे बक्षीस मात्र रोममधील अनेक वर्षांचे तुलनेने मोकळे जीवन होते. आज्ञापालनाची परीक्षा घेऊन स्वातंत्र्याचे पारितोषिक द्यावयाचे, ही या व्यवस्थेतील मूळ विसंगती होय.

३. निर्णयाआधीचे प्रदर्शन

या व्यवस्थेचे एक अंग मात्र तिच्या बाकीच्या घडणीशी विसंगत वाटावे इतके खुले होते. अंतिम फेरीतील चित्रे निर्णयापूर्वी लोकांसाठी मांडली जात. अठराव्या शतकात हे प्रदर्शन २५ ऑगस्ट रोजी, संत लुईच्या सणाच्या दिवशी भरत असे. पुढे एकोल दे बोझार या कलाशाळेच्या दालनात ही चित्रे लागत. एकच विषय, एकच माप आणि शेजारी शेजारी टांगलेली दहा चित्रे असे या प्रदर्शनाचे स्वरूप होते.

समीक्षेच्या दृष्टीने या मांडणीचे महत्त्व मोठे आहे. सर्वसाधारण समूहप्रदर्शनात विषय, आकार व माध्यम यांची विविधता असल्याने तुलना करणे अवघड जाते. येथे तुलना टाळताच येत नसे. दहा जणांनी एकच प्रसंग रंगविला की प्रसंग मागे पडतो आणि प्रत्येकाची दृष्टी पुढे येते. कोणी कोणता क्षण निवडला, मुख्य पात्र कोठे उभे केले, प्रकाश कोठून आणला, काय गाळले, हे सामान्य प्रेक्षकालाही दिसू लागते. एकाच रागाची बंदिश वेगवेगळ्या गायकांकडून लागोपाठ ऐकताना श्रोत्याचा कान जसा तयार होतो, तसा येथे प्रेक्षकाचा डोळा तयार होत असे.

प्रेक्षकाने आधी पाहिलेले असल्याने परीक्षकांच्या निर्णयाचीही परीक्षा होई. हा या प्रदर्शनाचा कदाचित अनपेक्षित परिणाम असावा. अकादमीने प्रदर्शन भरविले ते आपल्या शिक्षणाची प्रौढी मिरविण्यासाठी; परंतु दार उघडल्यावर आत आलेला प्रत्येक जण परीक्षक झाला.

४. दाविदचे चार प्रयत्न

झाक-लुई दाविद याने ही स्पर्धा चार वर्षे लागोपाठ दिली. १७७१ मध्ये मिनर्व्हा व मार्स यांच्या युद्धावरील चित्राने त्याला दुसरे स्थान मिळाले. पहिले स्थान जोसेफ-बनुआ स्युव्हे याला गेले. १७७२ मध्ये निओबीच्या अपत्यांच्या वधाचा विषय होता. तेव्हाही तो हरला आणि निराशेने अन्नत्याग करून बसला. त्याला त्यातून परावृत्त करावे लागले. १७७३ मध्ये ‘सेनेकाचा मृत्यू’ या विषयात पिएर पेरों विजयी झाला. अखेर १७७४ मध्ये ‘अँटिओकसच्या आजाराचे कारण शोधणारा एरासिस्ट्रॅटस’ या चित्राने दाविद जिंकला आणि १७७५ मध्ये रोमला गेला.

थोर कलावंताला न ओळखणारे आंधळे परीक्षक, असा या कथेचा अर्थ सहसा लावला जातो. चित्रे पाहिली असता तो टिकत नाही. पॅरिसच्या प्ती पाले संग्रहालयातील दाविदच्या ‘सेनेका’मध्ये वळलेले देह, पसरलेले हात, फडफडणारी वस्त्रे आणि भपकेबाज वास्तू यांची एवढी दाटी आहे की मरणाऱ्या तत्त्वज्ञाचे धैर्य, म्हणजे विषयाचा गाभाच, त्या गलबल्यात हरवतो. स्टोइक विचारवंताच्या शांत मृत्यूवर काढलेले हे चित्र नाट्यगृहातील अखेरच्या प्रवेशासारखे भासते. पेरों हा संयत, प्राचीन शिल्पांना जवळच्या शैलीचा चित्रकार होता. नंतर दाविदनेही तीच वाट धरली. १८१४ मध्ये पेरोंच्या अंत्यविधीच्या वेळी, त्याने आपले डोळे उघडले, अशा आशयाचे उद्गार दाविदने काढल्याचे सांगितले जाते. त्यामुळे १७७३ च्या परीक्षकांनी चूक केली असे म्हणणे कठीण आहे. त्यांनी चित्र पारखले आणि ते बरोबर पारखले.

१७७४ च्या विजयी चित्रात फरक स्पष्ट दिसतो. राजपुत्र अँटिओकस आपल्या सावत्र आईवर, स्ट्रॅटोनिसवर, मनोमन प्रेम करतो आणि त्या न सांगता येणाऱ्या व्यथेने अंथरुणाला खिळतो. ती जवळ येताच त्याच्या नाडीत होणारा बदल वैद्य ओळखतो. दाविदने येथे गर्दी कमी केली आहे. पलंगावरील राजपुत्र, त्याच्या जवळचा वैद्य आणि उजळ वस्त्रांतील स्ट्रॅटोनिस यांच्यात एक सरळ रेषा निर्माण होते आणि वैद्याचे बोट त्या रेषेचा अर्थ सांगते. तरीही हे चित्र आजचा प्रेक्षक दाविदची थोरवी म्हणून पाहत नाही. त्याची खरी ओळख ठरलेले ‘होरेशियसपुत्रांची शपथ’ हे चित्र त्याने १७८४ मध्ये रोममध्येच रंगविले. परंतु तेव्हा तो अकादमीचा निवासी विद्यार्थी नव्हता. निवासाने दिलेले बी दहा वर्षांनी, निवास संपल्यावर रुजले. स्पर्धेच्या कोणत्याही परीक्षकाला १७७४ मध्ये ते दिसणे शक्य नव्हते.

५. १८७५ : मेंढपाळांना मिळालेली वार्ता

परीक्षकांचा निर्णय आणि प्रेक्षकांचे मत यांतील अंतर सर्वांत स्पष्टपणे १८७५ च्या प्रदर्शनात उघड झाले. विषय होता ख्रिस्तजन्माची वार्ता मेंढपाळांना सांगणारा देवदूत. स्पर्धकांत झ्यूल बास्तियँ-लपाज हा लोरेन प्रांतातील दाँव्हिलेर या खेड्यातून आलेला तरुण होता. आदल्या वर्षीच्या पॅरिस सालोंमध्ये आपल्या आजोबांच्या व्यक्तिचित्राने त्याने लक्ष वेधून घेतले होते.

त्याचे चित्र आज ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियामध्ये आहे. या चित्रात दोन जगे समोरासमोर येतात. एकीकडे सोनेरी प्रभावलय असलेला देवदूत; त्याची जडणघडण आरंभकालीन इटालियन धार्मिक चित्रांची आठवण देते. दुसरीकडे शेकोटीजवळचे मेंढपाळ. ते मात्र कोणत्याही अकादमीच्या साच्यातून आलेले नाहीत. राबलेले हातपाय, जाडेभरडे कपडे, झोपेतून जागे होतानाचा गोंधळ आणि भीती, असे हे खरेखुरे खेडूत आहेत. चित्रकाराने देवदूताला परंपरेतून घेतले आणि मेंढपाळांना आपल्या गावातून. कथेचा मर्मही तोच आहे : स्वर्गाची वार्ता विद्वानांच्या आधी गुराख्यांना कळली. विषयाचा आशय चित्राच्या शैलीतच उतरवण्याचे हे सामर्थ्य स्पर्धाचित्रांत दुर्मीळ होते.

प्रथम पारितोषिक लेओं कोमेर याला मिळाले. बास्तियँ-लपाजला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. या निर्णयावर टीका झाली, कारण लोकांनी दोन्ही चित्रे पाहिली होती. पुढील वर्षी त्याने पुन्हा प्रयत्न केला, तोही व्यर्थ गेला. मग तो गावी परतला आणि ‘गवतकापणी’ हे चित्र १८७७ मध्ये रंगवून १८७८ च्या सालोंमध्ये मांडले. दमून जमिनीवर बसलेली मजूर स्त्री आणि तिच्यामागे आडवा झालेला पुरुष, एवढाच त्याचा विषय आहे. निसर्गवादी चित्रकलेचा प्रवाह युरोपभर पसरण्यात या चित्राचा वाटा मोठा आहे. १८८४ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो मरण पावला.

येथे परीक्षकांनी कोणती चूक केली, हे नेमके सांगणे आवश्यक आहे. रोमला जाऊन प्राचीनांचा अभ्यास करण्यास कोण योग्य, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. बास्तियँ-लपाजच्या मेंढपाळांना रोमची गरज नव्हती, दाँव्हिलेरची होती; त्या अर्थाने निर्णय सुसंगतही म्हणता येईल. दोष प्रश्नातच होता. सर्व तरुण कलावंतांचे भवितव्य एकाच शहरात आहे, हे गृहीत धरून घेतलेली परीक्षा प्रामाणिकपणे घेतली तरी अपुरी ठरते. निवासाची जागा कलावंताच्या कामातून ठरावयास हवी होती. प्रत्यक्षात जागा आधी ठरली होती आणि तिच्यात बसेल असा कलावंत शोधला जात होता.

६. निवासाचे फलित

मग निवास निष्फळ होता काय? तसे म्हणता येत नाही. झाँ-ओग्युस्त-दोमिनिक अँग्र याने १८०१ मध्ये ‘अकिलीसच्या तंबूतील अगामेम्नॉनचे दूत’ या चित्राने पारितोषिक मिळविले. एका बाजूला हातात वीणेसारखे तंतुवाद्य घेतलेला अकिलीस आणि त्याचा सखा पॅट्रोक्लस यांची तरुण, सैल, जवळजवळ आळसावलेली शरीरे. दुसऱ्या बाजूला कर्तव्याचा निरोप घेऊन आलेले दूत. हे चित्र अकादमीच्या सर्व अपेक्षा पूर्ण करते आणि त्याच वेळी देहरेषेविषयीचे अँग्रचे खासगी वेड उघड करते. सरकारी तिजोरीतील टंचाईमुळे त्याला १८०६ पर्यंत रोमला जाता आले नाही. मधल्या काळात पॅरिसमधील एका जुन्या मठात त्याला इतर कलावंतांसह कामाची जागा मिळाली.

निवासी विद्यार्थ्यांनी आपली कामे पॅरिसला पाठवावीत असा नियम होता. अँग्रने १८०८ मध्ये पाठमोरी स्नानमग्ना, ‘ईडिपस आणि स्फिंक्स’ आणि १८११ मध्ये ‘ज्युपिटर व थेटिस’ ही चित्रे या नियमानुसार केली. लांबविलेली मान, अस्थिहीन भासणारे बाहू, सपाट होत जाणारी जागा ही त्याची वैशिष्ट्ये अकादमीला रुचली नाहीत. ज्या संस्थेने त्याला निवडले, तिलाच त्याचे निवासातील काम पटले नाही. निवासी शिष्यवृत्ती खऱ्या अर्थाने यशस्वी झाली ती येथे. देणाऱ्याने जे मागितले नव्हते ते घेणाऱ्याने केले. पुढे १८३५ मध्ये हाच अँग्र व्हिला मेदिचीचा संचालक म्हणून परतला.

याउलट तेओदोर जेरिको १८१६ मध्ये स्पर्धेत अपयशी ठरला आणि स्वखर्चाने इटलीला गेला. रोममधील बिनखोगिराच्या घोड्यांच्या शर्यतीवर त्याने केलेले अभ्यास आणि परतल्यावर रंगविलेले ‘मेदुसाचा तराफा’ (१८१८-१९) पाहता, रोमचा लाभ स्पर्धेत हरलेल्यालाही झाला हे उघड आहे. फरक एवढाच की जेरिकोकडे पैसे होते. निवासी शिष्यवृत्तीचे खरे समर्थन येथे सापडते. प्रतिभा ओळखण्याचा दावा तिने न केला तरी चालेल. पैशाअभावी कोणाची वाट अडू नये एवढे तिने पाहावे.

७. परीक्षक कोण?

स्पर्धेच्या इतिहासात परीक्षक मंडळाच्या घडणीचा वाद पुन्हा पुन्हा उद्भवला. फ्रेंच राज्यक्रांतीत दाविदच्याच पुढाकाराने १७९३ मध्ये जुनी अकादमी बरखास्त झाली आणि पारितोषिकासाठी चित्रकार नसलेल्या व्यक्तींचाही समावेश असलेले परीक्षक मंडळ नेमण्यात आले. तीनदा हरलेल्या उमेदवाराने परीक्षकांची संस्थाच मोडीत काढली, असा या घटनेचा अर्थ काढण्याचा मोह होतो. तथापि तिच्यामागे व्यापक राजकीय कारणे होती. १८६३ च्या शासकीय आदेशाने निर्णयाचा अधिकार अकादमीकडून काढून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या परीक्षकांकडे सोपविण्यात आला. १८७१ मध्ये तो अकादमीला परत मिळाला.

हितसंबंधांचा प्रश्न संगीतविभागात सर्वाधिक तीव्र झाला. १९०५ मध्ये मोरिस राव्हेल याला प्राथमिक फेरीतच बाद ठरविण्यात आले. तोपर्यंत त्याची तंतुवाद्य-चतुष्टयासह महत्त्वाची कामे लोकांपुढे आली होती. अंतिम फेरीत पोचलेले सर्व उमेदवार परीक्षक मंडळावरील एकाच प्राध्यापकाचे विद्यार्थी असल्याचे उघड झाले आणि वृत्तपत्रांत गदारोळ उडाला. पॅरिस संगीतशाळेचे संचालक तेओदोर द्युब्वा यांनी त्याच वर्षी पद सोडले. त्यांच्या जागी गाब्रिएल फोरे आले. नियमांचा अक्षरशः भंग झाला नव्हता. भंग झाला तो विश्वासाचा. लोकांनी राव्हेलचे संगीत ऐकले होते म्हणूनच अन्याय ओळखता आला.

स्पर्धेतून कोण आरंभीच वगळले जाते, हाही प्रश्न आहे. एकोल दे बोझारमध्ये स्त्रियांना १८९७ मध्ये आणि रोम पारितोषिकात १९०३ मध्ये प्रवेश मिळाला. शिल्पकलेत ल्युसिएन अव्हेलमान्स (१९११), संगीतात लिली बुलांजे (१९१३) आणि चित्रकलेत ओदेत पोव्हेर (१९२५) या प्रथम पारितोषिक मिळविणाऱ्या पहिल्या स्त्रिया होत. त्यापूर्वीच्या दोनशे चाळीस वर्षांत परीक्षक कितीही निःपक्ष असले, तरी निम्मा समाज त्यांच्यासमोर आलाच नव्हता. समोर न आलेल्या चित्राला न्याय देणे कोणत्याही परीक्षकाच्या हाती नसते.

८. भारतीय अनुबंध

या कलाशाळेशी भारतीय चित्रकलेचा थेट संबंध आहे. अमृता शेर-गिल यांनी १९३० नंतरची काही वर्षे एकोल दे बोझारमध्ये ल्युसिएन सिमों यांच्याकडे शिक्षण घेतले. नागपूर व मुंबई येथे कलाशिक्षण झालेले सय्यद हैदर रझा १९५० ते १९५३ या काळात याच शाळेत होते. फ्रेंच नागरिकांपुरते मर्यादित असलेले रोम पारितोषिक या दोघांसाठी नव्हते. शेर-गिल यांना मान्यता मिळाली ती पॅरिस सालोंमधील प्रदर्शनातून (१९३३) आणि पुढे १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या सुवर्णपदकातून. रझा यांना १९५६ मध्ये समीक्षकांनी दिलेल्या ‘प्री द ला क्रितिक’मधून. निवासाच्या स्पर्धेबाहेर राहिलेल्यांना प्रदर्शनाच्या दालनाने हात दिला.

रझांच्या समकालीनांना मुंबईत मात्र कामासाठी जागा वेगळ्याच मार्गाने मिळाली. वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये मधुरीबेन देसाई यांच्या पुढाकाराने वासुदेव गायतोंडे, मकबूल फिदा हुसेन, नसरीन मोहमदी यांसारख्या कलावंतांना नाममात्र मोबदल्यात स्टुडिओ उपलब्ध झाले. तेथे परीक्षा नव्हती, विषय नव्हता, क्रमांक नव्हता. चित्रकार, नाट्यकर्मी आणि संगीतकार यांना एकाच छताखाली आणणारी ती वास्तू आज उरलेली नाही. या उदाहरणाने स्पर्धेविना निवास शक्य आहे हे सिद्ध होते. पण अशी व्यवस्था आश्रयदात्याच्या जाणतेपणावर व ओळखीपाळखीवर अवलंबून असते आणि त्याच्यासोबत संपते, हेही सिद्ध होते. अपरिचित, दूरच्या गावातील उमेदवाराला दार ठोठावण्याचा हक्क असतो तो स्पर्धेतच. बास्तियँ-लपाज दाँव्हिलेरहून येऊन दोनदा हरला. पण त्याचे चित्र दालनात लागले.

९. प्रदर्शन मागे पडले

१९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर तत्कालीन सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी रोम पारितोषिक बंद केले. व्हिला मेदिचीतील निवास चालू राहिला. पुढे साहित्य, छायाचित्रण, चित्रपट, कलेतिहास अशा शाखांसाठीही तो खुला झाला. आता निवड अर्ज, पूर्वीच्या कामाचे संकलन आणि मुलाखत यांवरून होते. बंद खोली गेली, सक्तीचा विषय गेला, रेखाटनाशी बांधिलकी गेली. या सुधारणा स्वागतार्ह आहेत यात शंका नाही.

परंतु त्यांच्याबरोबर निर्णयापूर्वीचे प्रदर्शनही गेले. पूर्वी आधी प्रदर्शन आणि मग निवास, असा क्रम होता. आता आधी निवास आणि अखेरीस निवडलेल्यांचेच प्रदर्शन, असा आहे. नाकारलेले अर्ज कोणाला दिसत नाहीत. संकलनाच्या पानांवरून झालेल्या निवडीविषयी बाहेरच्या माणसाला सहमती दर्शविता येत नाही, तशी असहमतीही नोंदविता येत नाही. नेदरलँड्समध्ये लुई बोनापार्तने १८०८ मध्ये सुरू केलेल्या रोम पारितोषिकाने वेगळा मार्ग स्वीकारला. तेथे अंतिम यादीतील कलावंतांना नवी कृती करण्यासाठी अवधी व साहाय्य मिळते, त्या कृती एकत्र मांडल्या जातात आणि प्रेक्षकांना पाहता येतात. जुन्या स्पर्धेतील सक्ती टाळून तिच्यातील उघडेपणा राखण्याचा हा प्रयत्न होय.

या संदर्भात संग्रहाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. प्रथम पारितोषिक मिळविलेली चित्रे एकोल दे बोझारच्या संग्रहात एकत्र राहिली. हरलेली चित्रे जगभर पांगली. दाविदची ‘निओबी’ अमेरिकेतील डॅलसमध्ये आहे, ‘सेनेका’ पॅरिसच्या दुसऱ्या संग्रहालयात, बास्तियँ-लपाजचे मेंढपाळ मेलबर्नमध्ये. त्यामुळे १८७५ ची भिंत आज कोणालाही जशीच्या तशी पाहता येत नाही. विजेत्यांचा संग्रह परीक्षकांच्या मताचा इतिहास सांगतो. स्पर्धेचा इतिहास मात्र हरलेल्या चित्रांशिवाय लिहिता येत नाही.

१०. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, निवासी शिष्यवृत्तीसाठी घेतलेल्या स्पर्धेत परीक्षक भविष्याचा अंदाज बांधतो आणि तो चुकणे स्वाभाविक आहे. १७७३ चा निर्णय चित्रापुरता योग्य होता, तरी दाविदच्या भवितव्याविषयी त्यातून काहीच कळत नव्हते. दुसरा असा की, परीक्षेचे स्वरूप पारितोषिकाच्या स्वरूपाशी जुळणारे असावे. मोकळ्या काळाचे दान देताना उमेदवाराची शिस्त तेवढी तपासणे अपुरे आहे. तो मोकळीक कशी वापरतो हेही पाहिले पाहिजे. तिसरा असा की, ज्या कलावंताने देणाऱ्या संस्थेच्या अपेक्षेबाहेर काम केले, त्याच्या बाबतीत निवास अधिक फलदायी ठरला.

या सर्वांहून महत्त्वाचा निष्कर्ष प्रदर्शनाविषयी आहे. परीक्षक मंडळे बदलली, आदेश निघाले, अकादमी मोडली व पुन्हा उभी राहिली. त्यांपैकी कोणत्याही उपायाने निर्णय निर्दोष झाला नाही. निर्णय तपासता येण्याजोगा राहिला तो सर्व स्पर्धकांची कामे भिंतीवर लागल्यामुळे. महाविद्यालयीन स्तरावर विद्यार्थ्यांच्या कृतींमधून निवड करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते, त्यांच्यासाठीही या इतिहासातील बोध हाच आहे. निकालाचा कागद लावण्यापूर्वी सर्व कृती लावाव्यात. निकालानंतर न निवडलेल्या कृती लगेच उतरवू नयेत. परीक्षकाचे मत एका दिवसाचे असते. चित्र भिंतीवर राहिले तर त्या मताचा पुनर्विचार करण्याची संधी पुढच्या प्रेक्षकाला मिळते, आणि ज्याला खोली मिळाली नाही त्याला निदान दालन मिळते.